आरसा, कोरा कीबोर्ड आणि बारा बटणं : पंचेचाळीस दिवसांच्या प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

प्रकल्प आजपासून. प्रश्न एका ओळीचा आहे: एखादी गोष्ट आपल्याला ‘यायला लागते’, तेव्हा ती नक्की कोणाला येते?

सायकलचंच घ्या. वेगात असताना उजवीकडे वळायचं तर हँडल आधी क्षणभर किंचित डावीकडे जावं लागतं, तेव्हा कुठे सायकल उजवीकडे कलते. सायकल येणारा प्रत्येक जण हे करतो. ‘वळताना काय करतोस?’ असं विचारलं, तर मात्र ‘हँडल उजवीकडे फिरवतो’ असंच ऐकायला मिळतं. हात करतात एक, तोंड सांगतं दुसरं, आणि दोघांचं भांडण कधी होत नाही, कारण त्यांची गाठच पडत नाही.

मराठीत या येण्याला ‘हात बसला’, ‘अंगवळणी पडलं’ असं म्हणतात. हात आणि अंग. मनाचं नाव नाही. पुस्तकांतून त्यालाच ‘सुप्त मन’ म्हणतात आणि तो शब्द मला खटकतो. सुप्त म्हणजे झोपलेलं, आणि इथे तर दिवसभर राबतं तेच. मी ‘अबोध’ लिहिणार आहे. निदान त्यात झोपेचा आरोप नाही.

करायच्या गोष्टी तीन. आरशात बघून तारा गिरवायचा, रोज पाच वेळा. सोळा वर्षं मी न बघता टाइप करते, तर त्यातलं मला खरोखर काय माहीत आहे ते तपासायचं. आणि आजवर न सुटलेलं एक कोडं घेऊन रोज बरोबर तीस मिनिटं त्याच्याशी झगडायचं. त्याबाहेर काही सुचलं तर कुठे, केव्हा, काय करत असताना ते लगेच लिहायचं.

ताई स्टॉपवॉच धरणार आहे. तिची अट अशी की तीही स्वतःची वही ठेवेल आणि मी ती शेवटच्या दिवसापर्यंत उघडायची नाही. कारण विचारलं तर म्हणाली, “तू स्वतःबद्दल जे सांगतेस त्यावर माझा फारसा भरवसा नाही.”

४ जानेवारी

मांडणी: टेबलावर उभा आरसा, त्याच्यासमोर कागद, कागदावर एकात एक असे दोन पंचकोनी तारे. दोन रेषांमधल्या बोळातून पेन्सिल फिरवायची. हात सरळ दिसू नये म्हणून वर पुठ्ठ्याचं छप्पर. दिसतं ते फक्त आरशात.

पहिला तारा: ४ मिनिटं १० सेकंद, रेषा ओलांडल्या ३८ वेळा.

आकड्यांवरून कळणार नाही असं काही घडलं. सरळ रेषा कशाबशा जमल्या, पण पहिल्या कोपऱ्यावर पेन्सिल थांबली ती थांबलीच. वळायचं कुठे ते डोळ्यांना दिसत होतं. हाताला हुकूम दिला की हात उलट दिशेला जायचा, मी ओढून आणायचे, तो पुन्हा तिकडेच. कागदावर त्या जागी काळा गिचमिड गोळा झाला आहे. आपलाच हात आपलं ऐकत नाही हा अनुभव लहानपणानंतर आजच घेतला. ताई हसत होती. मग तिनं स्वतः करून पाहिलं आणि हसायची थांबली.

पाचवा तारा: २ मिनिटं ३५ सेकंद, २६ वेळा.

५ जानेवारी

पाच तारे. शेवटचा १ मिनिट ५० सेकंद. कोडं: बारा नाणी, एक खोटं. ते जड आहे की हलकं ते माहीत नाही. तराजू फक्त तीनदा वापरायचा, खोटं नाणं ओळखायचं आणि ते जड की हलकं तेही सांगायचं. नाण्यांऐवजी बारा बटणं घेतली आहेत, सहा निळी, सहा पांढरी. पारड्यांऐवजी दोन बशा. अर्धा तास नुसतं इकडचं तिकडे केलं.

७ जानेवारी

आरशातला तारा मी शोधून काढलेला नाही. मानसशास्त्रात ही जुनी चाचणी आहे. तिला मोठं नाव मिळालं एका माणसामुळे. हेन्री मोलेसन, जो हयातीत शास्त्रीय लेखांतून फक्त ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखला गेला. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिपोकॅम्पस (नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग) आणि आसपासचा बराच भाग काढला गेला. झटके कमी झाले. पण त्यानंतर भेटलेला माणूस, ऐकलेली बातमी, वाचलेलं पान, काहीच त्याच्या लक्षात राहीनासं झालं. २००८ मध्ये तो वारला तोवर हे असंच चाललं.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशातला तारा गिरवायला दिला. रोज दहा, असे तीन दिवस. त्याच्या चुका पहिल्याच दिवशी घटल्या, दुसऱ्या दिवशी त्यानं आदल्या दिवसाच्या प्रगतीपासूनच सुरुवात केली आणि तिसऱ्या दिवशी हात जवळपास सफाईनं फिरला. दर दिवशी त्याला मात्र वाटत होतं की हे काम आपण आयुष्यात पहिल्यांदाच करतो आहोत.

म्हणजे हात शिकला आणि माणसाला त्याचा पत्ता नाही. कालची आठवण ठेवायची वाट वेगळी, हात बसण्याची वेगळी. या दुसऱ्या वाटेवर मेंदूच्या पोटातले बेसल गँग्लिया नावाचे पेशीसमूह आणि मागच्या बाजूचा लहान मेंदू यांचा मोठा वाटा असतो, आणि शिकलेलं शब्दांत सांगता येण्याची तिला गरज पडत नाही.

मला एक शंका त्रास देते. मोलेसनला निदान आपल्याला आठवत नाही हे मान्य होतं. आपल्या सगळ्यांना वाटतं की आपल्याला आठवतं.

९ जानेवारी

कोरा कीबोर्ड. कागदावर रिकामे चौकोन छापले आणि ८० सेकंदांत २६ रोमन अक्षरं जागच्या जागी लिहायला बसले. सोळा वर्षांचा अनुभव, त्यामुळे आधीच थोडी मिजास होती.

बरोबर १३.

वरची ओळ क्रमानं पाठ आहे म्हणून तेवढी तरी भरली. मधली अर्धी. खालच्या ओळीत तर मी दोन अक्षरं एकाच चौकोनात लिहिली आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. ताईनं नंतर एक गोष्ट दाखवली: लिहिताना माझी डाव्या हाताची बोटं टेबलावर हलत होती. अडलं की मी एखादा शब्द हवेत टाइप करून बोट कुठे जातं ते बघत होते. स्वतःच्या बोटांकडून कॉपी!

ही चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातली. त्यातले लोक मिनिटाला सरासरी ७२ शब्द टाइप करणारे होते, आणि २६ पैकी साधारण १५ अक्षरांच्याच जागा त्यांना सांगता आल्या. माझ्या मनाला तेवढाच दिलासा.

यामागची कल्पना गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रम्प या मानसशास्त्रज्ञांनी चांगली मांडली आहे: टाइप करताना दोन चक्रं फिरत असतात. बाहेरचं चक्र वाक्य आणि शब्द ठरवतं, आतलं चक्र शब्दाची अक्षरं करून बोटांना वाटून देतं. बाहेरच्याला आतल्याचा कारभार माहीत नसतो. मालकानं ‘माल पाठवा’ म्हणावं आणि गोदामात कुठली पेटी कुठे आहे ते हमालालाच ठाऊक असावं, तसं.

१० जानेवारी

सकाळचा पहिला तारा ५८ सेकंद, चुका ९. काल रात्रीचा शेवटचा ७४ सेकंदांचा होता. मधे फक्त झोप. आनंदानं ताईला उठवलं.

हातांचं शिकणं झोपेत पक्कं होतं यावर बरंच काम झालं आहे. २००२ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात लोकांनी बोटांनी ठरावीक क्रमात कळा दाबण्याचा सराव केला. रात्रीच्या झोपेनंतर, मधे काहीही सराव नसताना, वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता. तेवढेच तास जागेपणी गेले तर तशी वाढ दिसली नाही.

पण ताई झोपमोड झाल्यामुळे चिडलेली होती आणि चिडली की ती नीट विचार करते. म्हणाली, “रात्री तुझा हात दमला होता. सकाळी दमलेला नव्हता. त्यात झोपेनं काय शिकवलं?” हाच आक्षेप संशोधकांनीही घेतला आहे: सरावाच्या शेवटी थकवा साचलेला असतो, तो हिशोबातून वजा केला की झोपेचा फायदा बराच आटतो. आज संध्याकाळी पाच तारे काढून चाळीस मिनिटं नुसती बसले आणि सहावा काढला. पाचव्यापेक्षा ११ सेकंद कमी. झोप नाही, काही नाही. माझ्या सकाळच्या आनंदातला बराचसा भाग त्या चाळीस मिनिटांना द्यावा लागेल.

विश्रांती म्हणजे रिकामा वेळ नव्हे एवढं तरी खरं दिसतं. २०१९ च्या एका अभ्यासात दहा सेकंद सराव, दहा सेकंद थांबणं असं करून पाहिलं, तेव्हा नवं काही शिकतानाच्या सुरुवातीच्या काळातली सुधारणा बहुतांशी त्या थांबण्याच्या दहा सेकंदांत पडत होती.

१२ जानेवारी

तारे नेहमीप्रमाणे. कोडं: तीस मिनिटं, शून्य.

१३ जानेवारी, रात्री

सुटलं! अर्धवट झोपेत होते, अगदी डोळ्यांसमोर चित्र आलं: पाच विरुद्ध पाच, दोन बाहेर. बाकी सगळं आपोआप घरंगळत जागेवर बसलं. इतकी खात्री की दिवा लावून हे लिहिते आहे. उद्या फक्त नीट मांडायचं.

१४ जानेवारी

सुटलेलं नाही. पाच मिनिटांत कोसळलं.

पण कोसळताना कामाचं काही देऊन गेलं. पाच-पाच का चालत नाही हे शोधताना पहिल्यांदा शक्यता मोजल्या. बारांपैकी कुठलंही, जड किंवा हलकं: २४ शक्यता. तराजूची उत्तरं तीन: डावं खाली, उजवं खाली, समान. तीन वेळा तोलून २७ वेगळी उत्तरं मिळू शकतात, म्हणून कोडं सुटण्याजोगं आहे. पण पाच-पाच तोलून पारडं झुकलं तर १० शक्यता उरतात आणि उरलेल्या दोन तोलांत ९ च वेगळ्या करता येतात. एका शक्यतेनं बुडालं. सहा-सहा तर त्याहून वाईट, १२ उरतात. तीन-तीन समान आलं तर बाहेरच्या सहांच्या १२. उरलं फक्त चार-चार: काहीही झालं तरी ८. पहिला तोल ठरला.

हे मोजणं कुठल्याही अबोध मनानं केलं नाही. कागदावर, बेरजा करून, मी केलं.

आंरी प्वांकारे या गणितज्ञानं १९०८ मध्ये आपल्या शोधांविषयी सांगताना हा अनुभव नोंदवला आहे. त्याची बसची गोष्ट सगळे सांगतात: पंधरा दिवस झगडून, मग सगळं विसरून सहलीला गेलेला असताना, कुतांस गावी बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि ‘फुक्सियन’ नावाच्या एका प्रकारच्या गणिती फलनांसंबंधीची कळीची कल्पना एकदम समोर आली. तेव्हा वाटलेली खात्री पक्की होती आणि नंतर पडताळा केला तेव्हा खरीही ठरली. पण तोच पुढे म्हणतो की अशी खात्री कधीकधी फसवते, विशेषतः अंथरुणात, अर्धवट झोपेत सुचलेल्या कल्पनांच्या बाबतीत. हे वाक्य मी परवा वाचलं असतं तर दिवा लावला नसता.

त्याचा आणखी एक मुद्दा: अबोध मन लांबलचक गणित करून आयतं उत्तर कधी देत नाही, देतं ते सुरुवातीचं टोक, आणि तेही आधी जागेपणी भरपूर राबलेल्यालाच.

१७ जानेवारी

आज मुद्दाम बिघडवलं. आता तारा ४० सेकंदांच्या आत होतो, चुका तीन-चार. पाच तारे नेहमीसारखे काढले. पुढचे पाच काढताना हाताची प्रत्येक हालचाल मोठ्यानं बोलायची: ‘वर म्हणजे खाली, आता डावीकडे, कोपरा.’ वेळ सरासरी ३९ वरून ६७ सेकंद. कोपऱ्यावर पहिल्या दिवसाचा तो गोळा पुन्हा अवतरला.

मग शेवटचे पाच काढताना ताईनं मला सातानं उलटी मोजणी करायला लावली. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी. ४१ सेकंद. म्हणजे लक्ष दुसरीकडे गेलं तर फारसं बिघडत नाही, लक्ष हातावर आलं की बिघडतं. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हेच गोल्फ आणि फुटबॉल खेळणाऱ्यांवर दाखवलं. मुरलेल्या खेळाडूला ‘पाय चेंडूला कुठे लागतो ते बघ’ म्हटलं की त्याचा खेळ घसरतो; नवशिक्याला तेच सांगितलं तर उलट मदत होते.

उंदरांवरचा एक प्रयोग इथे आठवतो. मेंदूसंशोधक ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेतला, १९९९ चा. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या चक्रव्यूहात उंदीर पळायला शिकत असताना मेंदूच्या स्ट्रायटम या भागातल्या पेशींची हालचाल मोजली. आधी सगळ्या वाटेवर ती चालू. वाट पाठ झाल्यावर मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी, मधे शांतता. सगळी धाव एक गाठोडं झाली होती: गाठ बांधायची, गाठ सोडायची, आतलं बघायचं नाही. मी आज धावता धावता गाठोडं उघडलं आणि सामान रस्त्यावर सांडलं.

१८ जानेवारी

डाव्या हातानं तारा. आयुष्यात पहिल्यांदा, आणि पहिलाच १ मिनिट २२ सेकंद! उजव्याला पहिल्यांदा ४ मिनिटं लागली होती. डाव्या हाताला काहीच शिकवलेलं नाही. तर मग ‘हात बसला’ हा शब्दप्रयोगही अपुराच निघाला. बसलं ते हातात नव्हे. डोळ्यांना दिसणारी दिशा आणि हाताला द्यायची दिशा यांच्यातला जो व्यवहार आहे, त्यात.

१९ जानेवारी

कोडं तीस मिनिटं. दुसऱ्या तोलावर अडकले आहे. चार-चारमध्ये डावं खाली गेलं असं धरलं, तर एक ते चार ‘कदाचित जड’, पाच ते आठ ‘कदाचित हलकी’. एक-दोन विरुद्ध तीन-चार तोलले की समान आलं तर चार शक्यता उरतात आणि एकाच तोलात तीनच वेगळ्या होतात. पुन्हा एका शक्यतेनं बुडतंय. शेवटी बशी कलंडली, बटणं सांडली, आवरली. डोकं दुखतंय.

२० जानेवारी, दुपारी १२:४०

जिना उतरत होते, तिसरी पायरी. हातात धुतलेल्या कपड्यांची बादली. दोरीचा विचार करत होते, पुरेल का म्हणून. आणि: बाजू बदलायची. कदाचित-जड असलेल्यांपैकी दोन पलीकडच्या पारड्यात न्यायची, कदाचित-हलकं असलेलं एक अलीकडे आणायचं. बटणं एकाच बाजूला राहिली पाहिजेत असं कोण म्हणालं? मीच, आणि तेही न म्हणता.

बादली तिथेच ठेवून वर आले. नोंदीच्या नियमाप्रमाणे: आधी कोणी काही बोललं नव्हतं, कोडं मनात नव्हतं, कुठूनही काही दिसलं नव्हतं. कल्पना आकाशातून पडावी तशी आली.

२० जानेवारी, दुपारी २

पडताळा. या वेळी दिवा लावण्याआधी.

एक, दोन, पाच विरुद्ध तीन, चार, सहा. सात-आठ बाहेर. डावं पुन्हा खाली गेलं तर एक किंवा दोन जड, किंवा सहा हलकं. एक विरुद्ध दोन तोललं की निकाल. उजवं खाली गेलं तर तीन किंवा चार जड, किंवा पाच हलकं. तीन विरुद्ध चार. समान आलं तर सात-आठमध्ये जे हलकं ते. आठ शक्यता तीन, तीन, दोन अशा वाटल्या गेल्या. पहिला तोल समान आला तर नऊ, दहा, अकरा ही तीन खऱ्या नाण्यांविरुद्ध तोलायची, पुढचं सोपं.

सुटलं. सतरा दिवस.

जिन्यावर जे आलं ते एवढंच होतं: ‘बाजू बदलायची’. तीन-तीन-दोन मला टेबलावर मोजूनच मिळालं.

२५ जानेवारी

टायपिंगवरचा आणखी एक प्रयोग सापडला आणि तो मनातून जात नाही. लोगन आणि क्रम्प, २०१०. लोक टाइप करत असताना संगणक गुपचूप लबाडी करत होता: काही खऱ्या चुका पडद्यावर दुरुस्त करून दाखवत होता, आणि बरोबर टाइप केलेल्या काही शब्दांत चुका घुसडत होता. विचारल्यावर लोकांनी पडद्यावर दिसलं तेच आपलं मानलं. दुरुस्त केलेल्याचं श्रेय घेतलं, घुसडलेल्या चुकांचा दोष आपल्याकडे घेतला. बोटं मात्र फसली नाहीत. बोटं मंदावली ती खऱ्या चुकांनंतरच, पडदा काहीही म्हणो.

आणि त्याहून जुना, मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मायर यांचा, १९३१. छतावरून दोन दोऱ्या लोंबत आहेत, त्यांची टोकं बांधायची, पण एक धरून दुसरीपर्यंत हात पोचत नाही. उत्तर: एका दोरीला पक्कडसारखं वजन बांधून तिला झोका द्यायचा. कोणाला सुचलं नाही की मायर सहज म्हणून खोलीत फिरत आणि जाता जाता दोरीला धक्का लागून ती हलकेच झुले. बऱ्याच जणांना मग मिनिटाभराच्या आत सुचे. कसं सुचलं विचारलं तर बहुतेकांना धक्क्याची आठवणच नसे. एकानं तर झाडांवरून झोके घेणाऱ्या माकडांचं चित्र डोळ्यांसमोर आल्याचं सविस्तर वर्णन केलं!

मी खूप हसले. ताई हसली नाही.

३० जानेवारी

आजपासून बारा दिवस तारे बंद. विसरतं का ते बघायचं.

७ फेब्रुवारी

‘मोठा निर्णय मनावर सोडून द्या, ते आपोआप बरोबर निवडतं’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. त्याचा एक उगम २००६ च्या एका प्रसिद्ध लेखात आहे: चार मोटारी, प्रत्येकीचे १२ गुणधर्म, आणि विचार करत बसलेल्यांपेक्षा चार मिनिटं कोड्यांत लक्ष गुंतवलेल्यांनी चांगली मोटार निवडली असा दावा. पण २०१५ मध्ये बऱ्याच मोठ्या गटावर काळजीपूर्वक प्रयोग केला तेव्हा तो फायदा सापडला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. चार मिनिटांपूर्वी ऐकलेल्या मोटारींबद्दल अबोध मनाकडे साठा कुठला?

साठा असला की गोष्ट वेगळी. चेस आणि सायमन यांचा १९७३ चा बुद्धिबळाचा प्रयोग बघा. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर मुरलेला खेळाडू बहुतेक सोंगट्या जागेवर लावून दाखवतो. त्याच सोंगट्या पटावर वाट्टेल तशा विखरून दाखवा, तो नवशिक्याच्या पंगतीत येऊन बसतो. त्याची स्मरणशक्ती अफाट नाही. त्यानं हजारो डावांतल्या रचना जमवल्या आहेत. त्याला ‘ही चाल बरी वाटते’ असं वाटतं ते त्या जमवलेल्यातून. ज्याला सुचतं म्हणतात, त्यात ओळखण्याचा भाग किती असतो याचा हिशोब कोणी लावत नाही.

११ फेब्रुवारी

बारा दिवसांनंतरचा पहिला तारा: ४४ सेकंद, चुका ५. थांबवला तेव्हा ३३ सेकंद होता. दुसरा ३६. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते वाईट खोडींपुरतंच नसावं.

आज तिसरा तारा काढताना मी भलत्याच विचारात होते, आणि तो पूर्ण झाल्याचं पेन्सिल सुरुवातीच्या खुणेला टेकल्यावर कळलं.

१६ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. ताईची वही उघडली.

बरीचशी पानं आकड्यांची. माझे आणि तिचे आकडे दोन ठिकाणी जुळत नाहीत, दोन्ही वेळा मी स्वतःला चार-पाच सेकंद कमी लिहिले आहेत. ठीक.

मग १९ जानेवारी. तिच्या अक्षरात, जसंच्या तसं:

“कोडं मी पाच तारखेच्या रात्रीच सोडवलं होतं, तिला सांगितलं नाही. आज बटणं सांडली तेव्हा आवरताना मी तिच्यासमोर दोन निळी पांढऱ्यांच्या बशीत ठेवली आणि एक पांढरं निळ्यांच्या बशीत. दोन पांढरी टेबलावरच राहू दिली. ती बशीकडे बघत होती. काही बोलली नाही.”

मी हे चार वेळा वाचलं. मला आठवत नाही. बशी कलंडली ते आठवतं, डोकेदुखी आठवते. ताईचा हात आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मी लिहून ठेवलं आहे: ‘कुठूनही काही दिसलं नव्हतं.’

“तू मायरचं वाचलं होतंस?” मी विचारलं.

“कोण मायर? पंचवीस तारखेला तू सांगितलंस तेव्हा कळलं. मला फक्त तुझी दया आली होती.”

मग तिनं मागचं पान उलटून दाखवलं. १२ जानेवारी: “बटणं आवरताना बाजू बदलून ठेवली, दोन इकडची तिकडे, एक तिकडचं इकडे. तिच्या डोळ्यांसमोर. काही उपयोग नाही.”

बारा तारखेला मी अजून शक्यता मोजल्या नव्हत्या. चार-चारसुद्धा ठरलं नव्हतं. दोन इकडची तिकडे म्हणजे माझ्या लेखी तेव्हा फक्त पसारा होता.

एकोणीस तारखेची खूणच वीस तारखेला जिन्यावर पोचली, की ती नसतानाही सुचलंच असतं? एका माणसावर, एकदाच केलेल्या प्रयोगातून हे ठरत नाही, आणि ते कोडं मला पुन्हा नव्यानं न सुटलेलं करता येणार नाही. वीस तारखेची नोंद खोडलेली नाही. तिच्याखाली आजची तारीख घालून ताईचं वाक्य उतरवून ठेवलं आहे.

ताईनं सुचवलेला पुढचा प्रयोग: ती कोडं सोडवणार, मी वही ठेवणार. बटणं माझ्याकडे दिली आहेत.